वाचकांचे प्रश्न : हातात मावणारे गेमिंग यंत्र कसे असावे?

गेल्या अंकात आम्ही वाचकांना एक साधा प्रश्न विचारला होता : हातात धरून खेळायचे गेमिंग यंत्र, म्हणजे ज्याला आता सगळेच हँडहेल्ड म्हणतात ते, तुमच्या मते कसे असावे? बहुतेकांनी उत्तराऐवजी उलट प्रश्नच पाठवले, आणि लोकांना नेमके काय हवे आहे हे त्या प्रश्नांतूनच अधिक स्पष्ट झाले. त्यांतली काही पत्रे येथे संक्षेपाने, पत्रलेखकांची नावे वगळून घेतली आहेत.

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. सर्वांत वेगवान प्रोसेसर आणि सर्वांत सरस ग्राफिक्स हेच आदर्श हँडहेल्डचे पहिले लक्षण असले पाहिजे, असे मला वाटते. मग काही कंपन्या मुद्दाम कमी ताकदीची यंत्रे का काढतात?

उत्तर : आपण अभियांत्रिकी शिकता, तेव्हा आधी एक भागाकार करू. २०२२ साली आलेल्या, व्हॉल्व्ह कंपनीच्या स्टीम डेक या हँडहेल्डची बॅटरी ४० वॅट-तासांची होती आणि त्यातली मुख्य चिप १५ वॅटपर्यंत वीज घेई. पडदा, मेमरी, वाय-फाय, पंखा आणि स्पीकर यांचा खर्च त्यात मिळवला की एकूण आकडा २० ते २५ वॅटच्या घरात जातो, आणि ४० ला त्याने भागले की उत्तर दोन तासांच्या अलीकडे-पलीकडे येते. कंपनीनेही दोन ते आठ तास असेच जाहीर केले होते. त्यातले दोन तास जड गेमचे आणि आठ तास हलक्याफुलक्या गेमचे.

आता त्याच चिपला ३० वॅट दिले तर चित्र दुप्पट वेगाने पळेल, असे समजू नका. वारंवारिता वाढवायची तर व्होल्टेजही वाढवावे लागते, आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे वरच्या टप्प्यावर थोड्याशा वेगासाठी भरमसाट वीज मोजावी लागते. ती सगळी शेवटी उष्णताच होते. उष्णता बाहेर काढायला मोठा पंखा आणि तांब्याच्या नळ्या हव्यात, तेवढाच वेळ खेळायचे तर बॅटरी मोठी हवी, आणि या सगळ्याचे ओझे पेलायला तुमची दोन मनगटे आहेतच.

हा सौदा नवा नाही. १९८९ साली आलेल्या गेम बॉयचा पडदा १६० गुणिले १४४ ठिपक्यांचा होता, त्यावर हिरवट-करड्या रंगाच्या फक्त चार छटा दिसत, आणि मागून प्रकाश नसल्यामुळे दिवा किंवा खिडकी शोधून बसावे लागे. त्याच वर्षी आलेला अटारी लिंक्स आणि १९९० साली आलेला सेगाचा गेम गिअर हे दोन्ही रंगीत होते, मागून उजळणाऱ्या पडद्याचे होते आणि कागदावर कितीतरी सरस होते. पण ते सहा-सहा पेन्सिल सेल तीन ते पाच तासांत रिकामे करीत आणि गेम बॉय चार सेलवर पंधरा तासांच्या आसपास चाले. बाजार गेम बॉयच्या बाजूने गेला हे आपण जाणताच. त्यात टेट्रिस या ठोकळे रचण्याच्या गेमचा वाटा मोठा होता हे मान्य; पण टेट्रिस खेळायलाही यंत्र चालू राहावे लागते. गेम बॉय घडवणाऱ्या गुनपेई योकोई यांचा आग्रहच असा होता की, नव्याच्या मागे धावण्याऐवजी जुने, स्वस्त झालेले आणि पुरते उमगलेले तंत्रज्ञान अनपेक्षित ठिकाणी वापरावे.

ताकद नको असे मी म्हणत नाही. ताकदीचा आकडा विचारताना त्याला जोडून ‘आणि किती तास?’ हेही विचारावे, एवढेच माझे म्हणणे आहे. ही दोन उत्तरे एकत्र मिळत नसतील तर पहिल्याला फारसा अर्थ उरत नाही.

प्रश्न : खिशात फोन असताना आणखी एक यंत्र कोणी का बाळगावे?

उत्तर : अंगठ्यांसाठी. फोनवर खेळताना दोन्ही अंगठे पडद्यावरच असतात, त्यामुळे जे पाहायचे तेच झाकले जाते. शिवाय काचेला ना खड्डा, ना उंचवटा. अंगठा अर्धा सेंटिमीटर सरकला तरी नजर खाली वळवल्याखेरीज ते कळत नाही. खरे बटण मात्र आपण दाबले गेलो हे बोटालाच सांगते. दुसरे कारण असे की, फोनची बॅटरी संपली तर त्या दिवसाची निम्मी कामे अडतात.

फोन आणि गेमिंग यंत्र एकत्र करण्याचा प्रयोग नोकियाने २००३ साली एन-गेज काढून केला होता. त्यात गेमचे कार्ड बदलायचे तर मागचे झाकण उघडून बॅटरी काढावी लागे, आणि बोलण्यासाठी यंत्र आडवे धरून त्याची कड कानाला टेकवावी लागे. लोक हसले, ते स्वाभाविक होते. मात्र आपण आठवड्यातून तासभरच खेळत असाल, तर फोनला दोन्ही बाजूंनी बसणारा नियंत्रक, म्हणजे बटणांचा कंट्रोलर घ्या. वेगळ्या यंत्राची आपल्याला गरज नाही.

प्रश्न : मी नोकरी करते आणि घरात दोन लहान मुले आहेत. दिवसात सलग वीस मिनिटे मिळाली तरी पुष्कळ झाले. त्यातला निम्मा वेळ यंत्र सुरू होण्यातच जातो. माझ्यासारख्यांचा विचार कोणी करते का?

उत्तर : या वेळच्या साऱ्या पत्रांत मला आपले पत्र सर्वांत महत्त्वाचे वाटले, कारण हँडहेल्ड घेणाऱ्या बहुतेक प्रौढांची अवस्था आपल्यासारखीच असते, फक्त खरेदी करताना ती कोणाला आठवत नाही.

आपली वीस मिनिटे कुठे जातात ते पाहू. बटण दाबले की कंपनीचे चिन्ह येते. मग खात्यात प्रवेश करायचा. तेवढ्यात गेमला अद्ययावत करायचे आहे अशी सूचना येते आणि एक पट्टी सावकाश पुढे सरकू लागते. ती संपल्यावर गेम उघडतो, पण आधी प्रकाशकाचे चिन्ह, मग निर्मात्याचे, मग ज्यांचे तंत्रज्ञान वापरले त्यांचे. त्यानंतर मुख्य यादी, तीतून कालची नोंद निवडायची, ती भरेपर्यंत थांबायचे, आणि शेवटी कळते की शेवटची नोंद गुहेच्या तोंडाशी झाली होती, तर आपण काल गुहेच्या तळापर्यंत पोहोचलो होतो. तेवढे अंतर पुन्हा चालून जाईपर्यंत दारावरची घंटा वाजते.

यावरचा उपाय २००४ सालच्या निन्टेन्डो डीएसमध्ये होता. झाकण मिटले की यंत्र झोपी जाई. उघडले की उडी मारणारे पात्र हवेत होते तिथूनच खाली येई. निन्टेन्डोच्याच २०१७ सालच्या स्विचमध्ये हेच काम एका बटणाने होते, आणि स्टीम डेकमध्येही होते. संगणकावरचे मोठमोठे गेम अर्ध्यात थांबवून दुसऱ्या दिवशी त्याच क्षणापासून सुरू करता येतात, हे त्या यंत्राचे माझ्या मते सर्वांत मोठे यश आहे. पण जाहिरातीत त्याला दुय्यम जागा मिळते, कारण ते आकड्यात सांगता येत नाही.

विंडोजवर चालणाऱ्या हँडहेल्डांची कमजोर बाजू दीर्घकाळ हीच राहिली. विंडोज मुळात टेबलावरच्या संगणकासाठी घडलेली प्रणाली. ती झोपताना मागे चालू असलेले दहा प्रोग्राम तिच्यासोबत झोपतीलच असे नाही. यंत्र पिशवीत ठेवावे आणि तासाभराने काढले तर ते गरम लागावे, पंखा फिरत असावा आणि बॅटरी निम्मी झालेली असावी, हा अनुभव मी स्वतः घेतला आहे. हा दोष निर्मात्यांनाही उमगलेला दिसतो. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या आरओजी एक्सबॉक्स अलाय या यंत्रात नेहमीचा डेस्कटॉप न भरता थेट गेमच्या पडद्याकडे नेणारी सोय दिली गेली, आणि लेनोवोने त्याच वर्षी लीजन गो एस या यंत्राची एक आवृत्ती स्टीम डेकच्याच प्रणालीसह विकायला काढली.

दोन मर्यादा मात्र सांगायला हव्यात. इतरांसोबत इंटरनेटवर खेळायचे गेम झोपवता येत नाहीत. आपण झोपलो तरी समोरचा खेळाडू जागाच असतो. आणि झोपलेले यंत्रही थोडी वीज खातेच, त्यामुळे ते आठवडाभर तसेच ठेवून चालत नाही. आपल्याला माझा सल्ला असा की, यंत्र निवडताना झोप आणि जाग या दोन गोष्टींना पहिला मान द्यावा, आणि अद्ययावत होण्याचे काम रात्री यंत्र चार्जिंगला असताना आपोआप होईल अशी मांडणी आधीच करून ठेवावी.

प्रश्न : माझे वय पन्नाशीच्या पुढे आहे. अर्धा तास खेळले की मनगट भरून येते. यंत्राचे वजन किती असावे, याचा काही नियम आहे का?

उत्तर : ठरलेला नियम नाही, पण बाजारातला पल्ला पाहण्यासारखा आहे. स्विच लाइट २७५ ग्रॅमचा आहे, मूळचा स्विच सुमारे ४०० ग्रॅमचा, स्विच २ हा ५३०च्या पुढे जातो. स्टीम डेकची पहिली आवृत्ती ६६९ ग्रॅमची होती. ओलेड, म्हणजे प्रत्येक ठिपका स्वतःच उजळणाऱ्या पडद्याच्या आवृत्तीत बॅटरी वाढवूनही ते वजन ६४०वर आणले गेले, ही कारागिरी कौतुकास्पद आहे. दुसऱ्या टोकाला लेनोवोचा पहिला लीजन गो, नियंत्रकांसह ८५४ ग्रॅम.

पण आकड्याइतकेच महत्त्वाचे असते ते वजन कुठे पडते हे. सपाट पाट्यासारखे यंत्र धरताना आपल्या करंगळीकडे पाहा. ती नकळत खालच्या कडेखाली सरकते आणि सगळा भार तिच्यावर येतो. मागे तळहाताला भरणारा फुगवटा असेल तर तोच भार तीन बोटांवर आणि तळव्यावर वाटला जातो, आणि जास्त वजनाचे यंत्रही हलके भासते. म्हणून ‘पातळ’ हा शब्द जाहिरातीत जेवढा गोड वाटतो तेवढा हाताला वाटत नाही. जाडी ही हँडहेल्डची उणीव मानू नये, असे मी पूर्वीही या सदरात लिहिले आहे आणि त्यावर नाराजीची पत्रेही वाचली आहेत.

आपण ५०० ग्रॅमच्या आतले यंत्र पाहावे. कोपर अधांतरी न ठेवता मांडीवरच्या उशीवर टेकवावे. आणि उताणे पडून, यंत्र चेहऱ्यावर धरून खेळू नये. झोप आली की ते नाकावर पडते. दुखणे विश्रांतीनंतरही राहत असेल तर डॉक्टरांना दाखवावे.

प्रश्न : पडदा ८०० रेषांचा चांगला की १०८० रेषांचा? आणि १२० हर्ट्झ खरोखरच लागतात का?

उत्तर : १२८० गुणिले ८०० म्हणजे १०,२४,००० ठिपके, १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६००. दुसरा पडदा भरायला चिपला दुप्पट ठिपके रंगवावे लागतात, आणि सात इंचांचा पडदा हातभर अंतरावरून पाहताना डोळ्याला त्याचा लाभ दुप्पट होत नाही. लीजन गोच्या २५६० गुणिले १६०० या पडद्यावर ही संख्या ४०,९६,००० होते. तिथे बहुतेक जड गेम कमी रेषांवर चालवून ताणूनच दाखवावे लागतात. तेव्हा माझे मत कमी ठिपक्यांच्या, पण उजळ आणि चांगल्या रंगांच्या पडद्याच्या बाजूने आहे.

हर्ट्झची, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो त्या आकड्याची बाजू थोडी वेगळी आहे. सेकंदाला १२० चित्रे काढण्याची ताकद या यंत्रांत क्वचितच असते, पण वेगवान पडद्याचा एक वेगळाच फायदा होतो. सेकंदाला ३० चित्रे असतील तर प्रत्येक चित्र ३३.३ मिलिसेकंद टिकते आणि ६० असतील तर १६.७. या दोन्हींच्या बरोबर मध्ये २५ मिलिसेकंद येतात, म्हणजे सेकंदाला ४० चित्रे. त्यामुळे ४० हा आकडा दिसायला ३०च्या जवळचा असला तरी हाताला तो निम्म्या वाटेवरचा लागतो आणि वीज ६०पेक्षा पुष्कळ कमी खातो. साध्या ६० हर्ट्झच्या पडद्यावर ४० चित्रे समान अंतराने बसत नाहीत. १२० हर्ट्झवर प्रत्येक चित्र तीनदा दाखवून ती नेमकी बसतात. पडदा स्वतःचा वेग गेमच्या वेगाशी जुळवून घेणारा असेल तर प्रश्नच मिटतो.

खरी तक्रार मात्र मला वेगळीच आहे, आणि ती यंत्रांपेक्षा गेम बनवणाऱ्यांविषयी आहे. दिवाणखान्यातल्या मोठ्या टीव्हीसाठी बेतलेली अक्षरे सात इंचांवर मुंगीएवढी होतात. संवाद वाचायला यंत्र डोळ्यांपाशी न्यावे लागत असेल तर ठिपके कितीही असले तरी काय उपयोग?

प्रश्न : माझ्या यंत्रातले पात्र मी काही न करता डावीकडे चालत सुटते. दुरुस्ती करून घेतली, तरी वर्षभरात पुन्हा तेच. हे टाळता येणारच नाही का?

उत्तर : येते, पण त्यासाठी खर्च निर्मात्याला करावा लागतो. आपण वर्णन केलेल्या दोषाला ड्रिफ्ट म्हणतात. बहुतेक जॉयस्टिकच्या पोटात कार्बनचा एक बारीक पट्टा असतो आणि त्यावर धातूचा स्पर्शक घासत फिरतो; स्पर्शक कुठे आहे त्यानुसार व्होल्टेज बदलते आणि त्यावरून यंत्राला दिशा कळते. हजारो वेळा घासून पट्टा झिजतो, त्याची पूड आतच साचते, आणि स्टिक मध्यावर असतानाही व्होल्टेज ‘मी थोडी डावीकडे आहे’ असे सांगू लागते. बिचारे पात्र आज्ञाधारक; ते चालू लागते.

हॉल परिणामावर, म्हणजे चुंबकाच्या जवळिकीनुसार व्होल्टेज बदलण्याच्या तत्त्वावर चालणाऱ्या स्टिकमध्ये पट्ट्याऐवजी चुंबक आणि संवेदक असतात, आणि ते एकमेकांना शिवत नाहीत, त्यामुळे तिथे घासण्यासारखे काही उरत नाही. हा परिणाम १८७९ सालापासून ठाऊक आहे, आणि सेगाने १९९८ सालच्या ड्रीमकास्ट या टीव्हीला जोडायच्या यंत्राच्या नियंत्रकात चुंबकाची ही युक्ती वापरलीही होती. अलीकडे टीएमआर नावाचा चुंबकीय संवेदकांचा दुसरा प्रकार येऊ लागला आहे. तो हॉलपेक्षा कमी वीज घेतो, म्हणून बॅटरीवरच्या यंत्राला अधिक सोयीचा. इतक्या जुन्या दुखण्याचे इतके जुने औषध अजूनही सर्रास दिले जात नाही, याचे मला नवल वाटते; नवल हा शब्द मी सौजन्याने वापरत आहे.

तोवर सेटिंगमध्ये जाऊन स्टिकचे केंद्र पुन्हा निश्चित करा आणि मधला निष्क्रिय भाग थोडा वाढवा. हा भाग म्हणजे मध्याभोवतीचे एक लहानसे वर्तुळ. त्याच्या आतली हालचाल यंत्र मानतच नाही. त्याने काही महिने निभावतात, मात्र बारीक नेम धरण्याची सफाई कमी होते.

दुरुस्तीबाबत माझा अनुभव सांगतो. माझे एक यंत्र याच कारणासाठी मी कंपनीकडे पाठवले होते. तीन आठवड्यांनी ते परत आले ते आतला मुख्य फलक बदलून, आणि त्यासोबत माझ्या दोन वर्षांच्या नोंदी पुसून. पुढच्या वेळी मी स्वतः उघडले. तीन पाकळ्यांच्या खाचेचे चार स्क्रू, त्यासाठी वेगळा पेचकस, मग झाकणाच्या कडेने फिरवत न्यायची प्लॅस्टिकची पातळ पट्टी, आणि शेवटी नखाएवढ्या खोबणीतून सोडवायची कागदासारखी चपटी वायर. स्टिक बदलायला पाच मिनिटे लागली. त्या वायरीला परत खोबणीत बसवायला पाऊण तास. हे काम सामान्य माणसाचे नाही असे मी म्हणणार नाही, पण ते सामान्य माणसाचे व्हावे अशी इच्छा कोणी धरली होती, असेही आतली रचना पाहून वाटत नाही.

याच्या उलट उदाहरणही आहे. स्टीम डेकचे सुटे भाग आयफिक्सिट ही संस्था २०२२पासून अधिकृतपणे विकते आणि बदलण्याची सचित्र कृतीही देते. बॅटरीचा प्रश्नही असाच आहे. लिथियम-आयन बॅटरी काहीशे वेळा भरून रिकामी झाली की तिची क्षमता घटते, आणि ती जर गोंदाने चिकटवलेली असेल तर धडधाकट यंत्र केवळ तेवढ्यासाठी अडगळीत जाते. युरोपीय संघाच्या २०२३ सालच्या बॅटरीविषयक नियमानुसार फेब्रुवारी २०२७पासून तिथे विकल्या जाणाऱ्या उपकरणांतली बॅटरी, काही अपवाद सोडल्यास, वापरणाऱ्याला स्वतः काढून बदलता आली पाहिजे. वेगवेगळ्या बाजारांसाठी वेगवेगळी यंत्रे बनवणे निर्मात्यांना परवडत नाही, तेव्हा त्याचा लाभ इतरांनाही होईल, अशी आशा करायला जागा आहे.

प्रश्न : हेडफोनचे छिद्र आता कालबाह्य झाले नाही का?

उत्तर : नाही. ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा पोहोचतो. गाणे ऐकताना ते कळत नाही, पण पात्राने तलवार फिरवल्यावर खणखणाट मागाहून आला तर खटकते. स्विचला तर ब्लूटूथ हेडफोन लावण्याची सोयच २०२१च्या सप्टेंबरमध्ये, म्हणजे यंत्र येऊन साडेचार वर्षे झाल्यावर मिळाली. छिद्र असू द्यावे.

प्रश्न : मी विकत घेतलेले गेम दहा वर्षांनी माझे राहतील का? कार्डावरचे घ्यावेत की डाउनलोड करावेत?

उत्तर : निन्टेन्डोने डीएसनंतरच्या थ्रीडीएस या हँडहेल्डचे ऑनलाइन दुकान मार्च २०२३मध्ये बंद केले. आधी घेतलेले गेम पुन्हा उतरवून घेण्याची मुभा ठेवली गेली, पण नवे काही विकत घेता येईना, आणि जे गेम कार्डावर कधी निघालेच नव्हते त्यांची वाट तिथेच संपली. डाउनलोड केलेला गेम हा असा दुकानाच्या आयुष्याला बांधलेला असतो. कार्ड कपाटात राहते, मित्राला देता येते, विकता येते. पण कार्डाचीही आता पूर्वीसारखी खात्री नाही. स्विच २च्या काही कार्डांवर गेम नसतोच, फक्त त्याची किल्ली असते आणि गेम इंटरनेटवरून उतरवावा लागतो. वेष्टनावर तसे लिहिलेले असते. ते वाचून घ्यावे.

ग्राहकांना खरोखर हवी असते ती मागची वाट, म्हणजे जुने गेम नव्या यंत्रावर चालण्याची सोय. गेम बॉय अॅडव्हान्सवर जुन्या गेम बॉयची कार्डे चालत, डीएसवर अॅडव्हान्सची चालत, थ्रीडीएसवर डीएसची चालत, आणि स्विच २वर स्विचचे बहुतेक गेम चालतात. याच्या उलट, सोनीने २००९ साली आपल्या पीएसपी या हँडहेल्डची पीएसपी गो ही आवृत्ती काढली तेव्हा त्यातून चकतीची जागाच काढून टाकली, आणि ज्यांच्याकडे चकत्यांचा संग्रह होता त्यांना नव्या यंत्राचा काहीच उपयोग उरला नाही. पुढे सोनीच्याच व्हिटा या हँडहेल्डमध्ये तर मेमरी कार्डही स्वतःच्याच घाटाचे आणि बाजारभावापेक्षा कितीतरी महाग. उत्तम पडदा, उत्तम बांधणी, आणि लोक दुरावले ते नखाएवढ्या कार्डामुळे, असे म्हटले तर थोडी अतिशयोक्ती होईल, पण थोडीच.

म्हणून माझे उत्तर असे : जे गेम पुन्हा पुन्हा खेळायचे आहेत ते कार्डावर घ्यावेत, जे एकदाच खेळून संपवायचे आहेत ते डाउनलोड करावेत, आणि प्रगतीची नोंद यंत्राबाहेरही राहील याची सोय पहिल्याच दिवशी करावी. ती सोय नसली तर काय होते ते मी वर सांगितलेच आहे.

प्रश्न : अपघातानंतर माझ्या उजव्या हाताची दोन बोटे नीट वळत नाहीत. वरच्या कडेची बटणे दाबता येत नाहीत. माझ्यासाठी एखादे यंत्र आहे का?

उत्तर : आपल्यासाठी निवडीची कसोटी एकच ठेवा : कोणत्याही बटणाचे काम दुसऱ्या कोणत्याही बटणाला, प्रत्येक गेमसाठी वेगळे, यंत्राच्या पातळीवरच नेमून देता आले पाहिजे. गेमने परवानगी दिली तर ठीक, असे नको. स्टीम डेकमध्ये हे करता येते; त्याच्या पाठीला चार जादा बटणे आहेत, ती चालत्या बोटांकडे देता येतील, आणि दोन स्पर्शपट्ट्या व यंत्र तिरके करून नेम धरण्याची सोयही आहे. दुसरा पर्याय स्विचसारख्या सुट्या होणाऱ्या नियंत्रकांचा. ते दोन हातांत वेगवेगळे, हवे तसे, मांडीवर टेकवून धरता येतात. जिथे बटण दाबून धरून ठेवायचे असते तिथे ‘एकदा दाबले की चालू, पुन्हा दाबले की बंद’ असा पर्याय आहे का, तेही पाहावे. घेण्याआधी एखाद्या परिचिताचे यंत्र दोन-तीन दिवस वापरायला मिळाले तर फार बरे.

प्रश्न : दुकानात यंत्र हाताळायला जेमतेम दहा मिनिटे मिळतात. तेवढ्यात काय पाहावे?

उत्तर : दुकानदार आधी सर्वांत झगमगीत गेम लावून देईल. त्याला नम्रपणे सांगून भरपूर मजकूर असलेला गेम लावायला सांगा आणि नेहमीच्या अंतरावरून तो वाचता येतो का पाहा. मग डोळे मिटा आणि प्रत्येक बटण अंगठ्याने शोधा. एखाद्यासाठी पकड सोडावी लागत असेल तर ते बटण घरीही तिथेच राहणार आहे. दोन्ही स्टिक गोल फिरवून सोडा आणि चित्र स्थिर राहते का बघा. यंत्राच्या पाठीवर हात ठेवा : गरम हवा कुठून बाहेर पडते, आणि तिथे तुमची बोटे येतात का? पंख्याचा आवाज दुकानाच्या गलबल्यात कळत नाही, म्हणून यंत्र कानाजवळ न्या, कोणी पाहत असले तरी.

शेवटी खेळ अगदी ऐन रंगात आलेला असताना बटण दाबून यंत्र झोपवा, ते दुकानदाराच्या हाती द्या, पाच मिनिटे इतर वस्तू पाहत फिरा, आणि परत येऊन ते जागे करा. पात्र जिथे होते तिथेच, त्याच उडीत सापडले, तर किंमत विचारायला हरकत नाही.